नाशिकची वाइन आणि पांडवलेणीतला यवन

गेल्या माघात आई-बाबा आणि आजीसह गंगापूर धरणाकाठच्या एका वायनरीत गेलो. चव घेताना तिथला माणूस म्हणाला, ‘नाशिकची वाइन दोन हजार वर्षांची!’ आजीने माझ्याकडे पाहिले. घरातला इतिहासाचा विद्यार्थी मीच.

मित्रहो, दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेवर वाइन होती, पण ती परदेशी. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन नोंदवतो. त्यातही पसंती इटलीच्या वाइनला. पैठण आणि तेर येथील माल याच बंदराकडे जाई. पांडवलेणीतले सतरावे लेणे तर इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवून घेतले. व्यापार होता, यवनही होते. मात्र नाशिकात द्राक्षे गाळून वाइन केल्याचे यातून सिद्ध होत नाही. आयातीला उत्पादन म्हणणे ही जाहिरात झाली, इतिहास नव्हे.

आजच्या वाइनचे वय पाव शतकाच्या आसपास. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली, २००० मध्ये ‘सुला’ची वायनरी उघडली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले.

आजीने मळ्यातला एक मणी चाखला. बारीक, जाड सालीचा, बियांचा. ‘ही कसली द्राक्षे?’ म्हणाली, आणि परतताना वाटेवर दोन किलो थॉमसन घेतली.