घाटाचा राजा

तळेऱ्याहून पूर्वेकडे फुटलेला रस्ता वैभववाडीवरून करूळच्या घाटाला लागतो आणि गगनबावड्यास देशावर पोचतो. घाट आम्हां कोकणवासीयांस नवा नाही. डोक्यावर ओझे घेऊन आमचे पूर्वज घाट चढले, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चढले. पण तोच घाट सायकलवर बसून, चढाओढीने चढावा, ही हौस आपल्या महाराष्ट्रात कशी रुजली? त्याचे ठळक उदाहरण मुंबई-पुणे सायकल शर्यतीत सापडते. म्हणून आपला घाट सोडून आधी बोरघाटाकडे वळू.

बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो 1830 साली, गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत. 1863 साली तेथून आगगाडी धावू लागली. माणसाने स्वतःच्या पायांवर घाट चढण्याची गरज अशी उत्तरोत्तर कमी होत गेली. आणि 1945 साली मुंबई-पुणे सायकल शर्यत सुरू झाली! जे कष्ट टाळण्यासाठी एवढी खटपट झाली, तेच कष्ट आता माणसे आपखुशीने अंगावर घेऊ लागली. पुणे हे त्या काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. रोजच्या वापरातल्या वाहनाने ही हौस निर्माण केली, यात नवल नाही.

या शर्यतीत घाटाच्या चढणीवर जो सर्वांच्या पुढे राहतो, त्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पुण्यास प्रथम पोचणारा वीर वेगळा असू शकतो. हा निराळा मान कशासाठी? सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. दुसऱ्याच्या पाठीमागे राहिले की तो बराच टळतो. चढावर वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग उरत नाही, आणि ज्याचे त्याने आपले वजन वर न्यावे लागते. स्वार व सायकल मिळून 80 किलो धरले आणि 500 मीटरची उंची अर्ध्या तासात गाठायची म्हटली, तर केवळ चढण्यासाठीच पाव अश्वशक्तीहून अधिक जोर सतत लावावा लागतो. घाटात उसनवारी चालत नाही, ती अशी.

हा विचार इतरत्रही झालेला दिसतो. इंग्लंडात कॅटफर्ड क्लबने 1887 सालीच केवळ चढणीची शर्यत भरविली. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत 1905 साली बालों दाल्झास हा डोंगर प्रथम माथ्यावर पोचून पोतिए याने जिंकला. पण पुढे दुखापतीने त्यास शर्यतच सोडावी लागली. 1906 साली मात्र अखेरचा विजय त्याचाच झाला. डोंगरातल्या पराक्रमाची स्वतंत्र गणना त्या शर्यतीत 1933 पासून होऊ लागली. चालता चालता गिअर बदलण्याची सोय तर तेथे 1937 पर्यंत निषिद्धच होती! स्वार खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि मग चढ चढत.

इकडे बोरघाटात काळ पालटला. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्यावर सायकलींना मज्जाव आहे. सायकलस्वाराच्या वाट्यास जुना रस्ता आला. शर्यतीसाठी तो काही तास मोकळा ठेवायचा, तर पोलीस, गावे आणि वाहनचालक या सर्वांची संमती लागते. म्हणजे घाटाचा राजा केवळ स्वतःच्या मांड्यांच्या बळावर होत नाही. वाट देणारा समाजही त्यास राजा करतो.

आमच्या मते या इतिहासाचा बोध हाच आहे. करूळच्या घाटातही आज ट्रक आणि मोटारी यांचेच राज्य आहे. रस्ता ज्याच्याकडे इंजिन आहे त्याचाच, असे एकदा आपण मनाशी ठरविले, की शर्यतच काय, शाळेला जाणारे पोरही सायकलवरून उतरते. वर्षातली एक सकाळ आपला घाट तरुण पायांना मोकळा करून द्यावयास आपण तयार आहोत काय, याचे उत्तर मात्र इतिहासाने नव्हे, आपण द्यावयाचे आहे.