ट्रेकसाठी गॅस स्टोव्ह घेताय? आधी कॅन निवडा, मग स्टोव्ह

"ट्रेकला न्यायला कोणता स्टोव्ह घेऊ?" हा प्रश्न मला मित्र नेहमी विचारतात. बहुतेकांनी तोपर्यंत ऑनलाइन दोन-तीन स्टोव्ह शॉर्टलिस्ट केलेले असतात. किती वॅट, किती वजन, किती स्टार, सगळं पाठ असतं. कॅन कोणता लागेल, हे मात्र कोणी बघितलेलं नसतं.

खरं तर स्टोव्ह म्हणजे फक्त एक व्हॉल्व्ह आणि एक बर्नर. दाबाखालचा गॅस असतो तो कॅनमध्ये. कॅन फार थंड झाला तर ज्योत मरते आणि फार तापला तर तो फुटू शकतो. स्टोव्हची निवड आणि वापर या एका गोष्टीभोवती फिरतो.

मी केलेली चूक

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावर होतो. वारा इतका होता की चहाचं पाणी तापेना. मी हुशारी करून स्टोव्हभोवती चारही बाजूंनी दगड रचले. ज्योत एकदम स्थिर झाली, सगळे खूश! थोड्या वेळाने पातेलं उचलताना एका मित्राचा हात कॅनला लागला आणि त्याने तो झटकन मागे घेतला. कॅन चटका बसेल इतका तापला होता. मी व्हॉल्व्ह बंद केला, सगळ्यांना लांब केलं आणि काठीने दगड पाडले. सुदैवाने काही झालं नाही. पण चौघंही त्या कॅनपासून हातभर अंतरावर बसलो होतो, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

बर्नरची उष्णता वर जाते, पण चारही बाजू बंद केल्या तर ती खाली कॅनकडे परतते. कॅन तापला की आतला दाब वाढतो. कॅन ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका, अशी सूचना बहुतेक कॅनवर छापलेली असते. मी ती त्या दिवशी घरी परतल्यावर वाचली.

कॅनचे दोन मुख्य प्रकार

१. लांब कॅन: हेअर स्प्रेच्या डब्यासारखा दिसतो. यात साधारण २२० ग्रॅम गॅस असतो आणि तो बहुतेक वेळा बुटेन असतो. हा आडवा बसवायचा कॅसेट स्टोव्हमध्ये लागतो. स्वस्त आहे आणि सहज मिळतो.

२. आट्यांचा बुटका कॅन: घुमटासारखा, वर स्क्रूचे आटे असलेला. यात बुटेन किंवा आयसोब्युटेनबरोबर थोडा प्रोपेन असतो. छोटा बर्नर थेट याच्या डोक्यावर फिरवून बसवतात. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही.

दोन्हींची तोंडं वेगळी असतात, एकाचा कॅन दुसऱ्याच्या स्टोव्हला बसत नाही. ॲडॉप्टर मिळतात, पण प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक जास्तीची जागा. म्हणून तुमच्या गावात कोणता कॅन नियमित मिळतो ते आधी बघा आणि त्याला बसणारा स्टोव्ह घ्या.

थंडीत ज्योत का मरते?

कॅनमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तो उकळून वायू झाला तरच बर्नरपर्यंत पोचतो. बुटेन साधारण उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ ला आणि प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे शून्याच्या आसपास बुटेनच्या कॅनमध्ये बाहेर यायला दाबच उरत नाही.

सह्याद्रीत तापमान सहसा इतकं उतरत नाही, त्यामुळे बुटेन चालतो. मग पहाटे ८-१० अंशांनाही ज्योत का मंदावते? कारण द्रवाचा वायू होताना तो कॅनमधलीच उष्णता खेचतो आणि कॅन बाहेरच्या हवेपेक्षा थंड होतो. उपाय सोपा आहे: रात्री कॅन स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, किंवा वापरताना ताटलीत कोमट पाणी घेऊन त्यात उभा करा. उकळतं पाणी नको. कॅनला ज्योत दाखवणं तर अजिबात नको. हिमालयात बर्फात जाणार असाल तर आयसोब्युटेन-प्रोपेनचा कॅन लागेलच.

कोणासाठी कोणता स्टोव्ह?

- गाडीने जाऊन कॅम्पिंग, चार-पाच जणांचा स्वयंपाक: कॅसेट स्टोव्ह. बूड रुंद असल्याने पातेलं डुगडुगत नाही. वजन दीड-दोन किलो, म्हणून सॅकमध्ये नेण्यात अर्थ नाही.
- एक-दोघांचा ट्रेक, चहा-मॅगी: आट्यांच्या कॅनवर बसणारा छोटा बर्नर. वजन १०० ग्रॅमच्या आसपास. पण उंच असल्याने सहज कलंडतो, मोठं पातेलं ठेवू नका.
- ग्रुपचा ट्रेक, वाऱ्याची जागा: नळीवाला स्टोव्ह. कॅन बाजूला राहतो, त्यामुळे आडोसा करता येतो.

गॅस किती लागेल?

१ लिटर पाणी २० अंशांवरून १०० पर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. १ ग्रॅम बुटेनमधून साधारण ४५ किलोज्यूल मिळतात. म्हणजे हिशोबाने साडेसात ग्रॅम पुरे, पण जवळपास निम्मी उष्णता हवेत जाते. म्हणून लिटरमागे १५ ग्रॅम धरा. २२० ग्रॅमच्या कॅनमध्ये १४ लिटरच्या आसपास पाणी उकळतं. वारा असेल तर याहून बरंच कमी. पातेल्यावर झाकण ठेवलं तर गॅस नक्की वाचतो.

कळसूबाईवर (१,६४६ मीटर) पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे भाताला खालच्यापेक्षा जास्त वेळ आणि गॅस लागेल.

अर्धवट वापरलेल्या कॅनमध्ये किती गॅस उरला हे हलवून कळत नाही. नवा कॅन किचनच्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा मार्करने त्यावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा वजन केलं की किती संपला ते कळतं.

वापरताना हे पाळा

- कॅसेट स्टोव्हमध्ये कॅनच्या कडेवरची खाच स्टोव्हमधल्या खुणेवरच बसवा. कॅन फिरवून बसवला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि मोठा भडका उडतो.
- कॅसेट स्टोव्हवर कॅनचा कप्पा झाकेल इतका मोठा तवा ठेवू नका. तव्याची धग थेट कॅनवर उतरते.
- जोडणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचतो.
- आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने आणि अंतर ठेवून. अधूनमधून कॅनला हात लावून बघा. गरम लागला तर लगेच बंद करा.
- तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका, बाहेर पाऊस असला तरी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखेपर्यंत कळत नाही आणि झोपेत तर अजिबातच कळत नाही.
- घरच्या सिलिंडरमधून कॅन भरू नका. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब बुटेनपेक्षा बराच जास्त. पातळ पत्र्याचा कॅन त्यासाठी बनवलेलाच नाही.
- कॅन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. रिकामा कॅन शेकोटीत टाकू नका, खाली परत आणा.

प्रवासात नेता येतो का?

विमानात नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इन सामानात. हिमालयात जाणार असाल तर कॅन तिथेच घ्यावा लागेल, म्हणून दुकानात आधी फोन करून प्रकार विचारा. रेल्वेतही बंदी आहे आणि कसारा-कर्जत लोकलही त्यातच येते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अभयारण्यात आणि किल्ल्यांवर आग पेटवण्यावर निर्बंध असतात. तिथे स्टोव्ह चालतो का, हे वनखात्याच्या चौकीवर विचारूनच वर चढा.

मी आता नळीवाला स्टोव्ह वापरतो. आडोशाचे दगड अजूनही मीच रचतो, पण कॅन नेहमी आडोशाच्या बाहेर असतो.