दर दोन तासांनी कूस

1 फेब्रुवारी 1944 रोजी इंग्लंडमधल्या एल्सबरी गावाजवळ, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची नॉर्मंडीवरची चढाई तोंडावर आली होती. पाठीत गोळ्या लागलेले सैनिक येणार, हे सरकार धरून चालले होते. कक्षाची सूत्रे डॉ. लुडविग गुटमान यांच्याकडे आली. नाझी राजवटीमुळे 1939 साली जर्मनी सोडावी लागलेले हे ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ.

तोवर कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णाची आशाच सोडलेली असे. तो दगावे तो बहुधा मणक्याच्या जखमेने नव्हे, तर बेडसोअरमधून आणि मूत्रमार्गातून पसरणाऱ्या संसर्गाने. संवेदना गेलेली, त्यामुळे दाबाखाली कातडी सडते आहे हे त्याला कळतच नसे. वर प्लास्टरमध्ये जखडलेला. गुटमान यांनी प्लास्टर काढायला लावले आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याचा दंडक घातला. तो पाळला जातो की नाही, हे पाहायला ते रात्रीही वॉर्डात येत. लघवीची नळी घालतानाची स्वच्छताही तितकीच कडक.

या संस्थेचे सर्वांत मोठे काम मी हेच मानतो. तुटलेला मज्जारज्जू तेव्हा जोडता येत नव्हता, आजही येत नाही. माणसे वाचली ती शुश्रूषेने, आणि वाचवणाऱ्यांत परिचारिका आणि वॉर्डबॉय आघाडीवर होते.

पण वाचलेल्या माणसाने पुढे करायचे काय? सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टायपिंग यांचे वर्ग तिथेच सुरू झाले. हात, खांदे आणि धडाचा तोल भक्कम व्हावा म्हणून खेळ आले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या 16 जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. 1952 साली डच खेळाडू आले आणि ती आंतरराष्ट्रीय झाली. 1960 साली ती रोमला भरली. तेच पहिले पॅरालिंपिक. 1980 साली गुटमान वारले. त्यांचा कक्ष आजही चालू आहे.

हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि 1972 साली हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

आपल्याकडे झाडावरून, बांधकामावरून, दुचाकीवरून पडून मणका मोडलेली माणसे अनेक घरांत आहेत. तुमच्या घरात असे कोणी असेल तर डॉक्टरांकडून कूस बदलण्याची वेळ ठरवून घ्या, कंबर, टाचा, माकडहाड रोज निरखा, आणि कातडी लाल दिसली तर त्याच दिवशी दाखवा.