ट्रम्पेटवाल्याचं नाव

सॅक्सोफोनचं पॅड तपासायचं तर आधी अंधार लागतो. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचं, नळीत तारेला बांधलेला छोटा बल्ब सोडायचा आणि एकेक कळ हलक्या हातानं दाबायची. जिथून उजेडाची रेघ बाहेर डोकावेल तिथून हवा निसटते. मग ते पॅड, म्हणजे फेल्टवर पातळ चामडं ओढलेली चकती, स्पिरिटच्या दिव्यावर कळ तापवून काढायचं आणि नवं लाखेनं बसवायचं. लाख जास्त झाली तर पॅड तिरकं बसतं, कमी झाली तर चार दिवसांत गळून पडतं. हे काम मी अडतीस वर्षं केलं.

1966 साली हर्णैहून बोटीनं मुंबईला गेलो आणि धोबीतलावला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागलो. राहायला गिरगावात गाववाल्यांची खोली होती. रात्री वळकट्या पसरायच्या, सकाळी गुंडाळून ट्रंकेवर ठेवायच्या, भाडं सगळ्यांत वाटून. दुकानासमोरच्या जेर महालात गोव्याच्या लोकांचे कूड, म्हणजे राहायच्या सामायिक खोल्या, होत्या. आमच्यासारख्याच, एकेका गावाच्या. फरक एवढाच की आमच्या खोलीच्या कोपऱ्यात मृदंग असायचा आणि त्यांच्या कोपऱ्यात व्हायोलिनच्या पेट्या.

त्या पेट्यांबरोबर गोव्याहून आणखी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे कागद वाचण्याची विद्या. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत मुलांना सोल्फेज शिकवत, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर वाचून म्हणायला. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. मुंबईत जॅझ रुजला तो या विद्येमुळे, असं माझं ठाम मत आहे. हा बाज आणला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी. 1935 साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. गोव्याच्या पोरांनी ते कानांनी टिपलं, कागदावर उतरवलं आणि थोड्याच वर्षांत स्वतः त्या मंचावर बसली. मिकी कोरियांचा वाद्यवृंद 1939 पासून 1960 पर्यंत ताजमध्ये वाजत होता. एकवीस वर्षं!

आणि ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो शावियर वाझ, जन्म 1916 चा, गाव बार्देशातलं आल्दोना. त्यांना लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मी दुकानात लागलो त्याच्या पुढल्याच वर्षी ते गेले, त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष पाहायचं राहून गेलं. त्याची चुटपुट अजून आहे.

1950 च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली. नाचाच्या दालनांचा धंदा बसला आणि वादक पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथं गाठ पडली ती आपल्या माणसांशी. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि गिरणगावात वाढलेले भगवान आबाजी पालव, आपले मास्टर भगवान. 1951 चा 'अलबेला' या मंडळींचा. 'शोला जो भडके' ऐका. चाल मराठी माणसाची, नाचणारा मराठी, आणि त्यातला तो उसळता बाज चिक चॉकलेट आणि त्यांच्या साथीदारांचा. कोकणातल्या घराघरांत ते गाणं पोचलं. माझी आई चुलीपुढे गुणगुणायची. जॅझ हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता.

स्टुडिओतलं काम कसं चालायचं ते मला दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्तांनी सांगितलं. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. अरेंजर ती पाच रेघांवर घेई, सुरावटीखाली सुरांचे थर रची, कोणत्या ओळीनंतर व्हायोलिन उठतील आणि ट्रम्पेट कुठं फुटेल ते ठरवी, मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. फ्रँक फर्नांद, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही या कामातली मोठी माणसं. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी तर 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भला मोठा वाद्यवृंद उभा केला, रागांवर रचना लिहिल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. तबकडीवर मात्र गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, सिनेमाचं नाव. एवढंच. मेस्त बोलता बोलता सॅक्सोफोनची मान पुसत राहिले आणि म्हणाले, "आमचं नाव कागदावर होतं रे बाबा, पण रेकॉर्डिंग झालं की कागद रद्दीत."

हे मला फार लागलं, कारण मी जाखडी नाचाच्या गावचा. आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा शाहीर शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेतो, गावाचं घेतो, मग स्वतःचं. नाव न घेता गाणं संपतच नाही. गोन्साल्विसांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं ते 1977 मध्ये, 'अमर अकबर अँथनी'तल्या त्यांच्या नावाच्या गाण्यामुळे. ते त्यांच्या शिष्याचं, प्यारेलालांचं काम. शिष्यानं ऋण फेडावं तर असं.

1978 च्या फेब्रुवारीत दुकानापासून चार पावलांवर, रंगभवनात, पहिली जॅझ यात्रा झाली. उघड्या आभाळाखाली सनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला. मी पॅडं बसवत होतो ते वाद्य एवढं बोलू शकतं हे त्या रात्री कळलं. पुढं रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि रात्रीचे कार्यक्रम बंद पडले. पण जॅझ थांबलेला नाही. एनसीपीएमध्ये मैफली होतात, पियानोवाले लुई बँक्स यांचा मुलगा जीनो ड्रम वाजवतो, गोव्यात तरुण मुलं वाजवतायत.

मी आता केळशीत असतो. खाऱ्या हवेनं माझ्या जुन्या ट्रम्पेटचे पिस्टन अडकतात, आठवड्याला तेल द्यावं लागतं. चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव असतो, गणपतीआधी जाखडीच्या तालमी. तालमीत आता मृदंगाशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो. काही जुन्या मंडळींना ते रुचत नाही. मला रुचतं, कारण पोरं ऐकून ऐकून शिकतायत, आणि ताजच्या मंचावरची पोरंही तशीच शिकली होती.

गेल्या वर्षी तालीम सुटल्यावर मी मोबाइलवर 'शोला जो भडके' लावलं. ऑक्टोपॅडवाला मुलगा ठेका धरत बसला होता, मधेच थांबला.

"आजोबा, हे ट्रम्पेटवालं कोण?"

मी नाव सांगितलं, गावही सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, शावियर शब्दाशी जरा अडखळला. मग म्हणाला, "परत लावा."