हायडेलबर्गची दहा मिनिटे

नदीचे पाणी पुलाच्या खांबाला रेटा देते, हे नावाड्याच्या पोरासही शिकवावे लागत नाही. परंतु 1752 साली दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाने घर्षणरहित आदर्श द्रवाचा हिशेब मांडला, तेव्हा एकसारख्या वाहत्या प्रवाहात बुडालेल्या वस्तूस मुळी रोधच होत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे नाव्ह्ये आणि स्टोक्स यांनी द्रवाची श्यानता, म्हणजे त्याच्या थराथरांतील घर्षण, समीकरणांत दाखल केली. तथापि ती समीकरणे सोडविणे इतके दुर्घट ठरले की गणिती आणि स्थापत्यविशारद यांच्या वाटा वेगळ्याच राहिल्या.

ही कोंडी फुटण्यास निमित्त झाला न्यूरेंबर्गचा एक यंत्रकारखाना. तेथील तरुण अभियंते लुडविग प्रांटल यांच्याकडे छिलके हवेने ओढून नेणाऱ्या नळांची सुधारणा सोपविली होती. नळ रुंदावत गेला म्हणजे वेग घटून दाब वाढावा, ही शास्त्राची अपेक्षा. पण हवा भिंत सोडून जाई आणि दाब काही हाती लागत नसे. 1901 मध्ये हानोफरला प्राध्यापक झाल्यावरही त्या अपयशाचे कारण शोधण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही.

ऑगस्ट 1904 मध्ये हायडेलबर्गच्या आंतरराष्ट्रीय गणितपरिषदेत त्यांनी दहा मिनिटांत उत्तर मांडले. श्यानता कितीही अल्प असो, पृष्ठभागाला लागलेला द्रव तेथेच खिळून राहतो, आणि त्याच्या व मुक्त प्रवाहाच्या मध्ये जो अतिशय पातळ थर असतो, त्या सीमास्तरातच घर्षणाचा सारा अंमल चालतो. पुढे दाब चढत गेला म्हणजे हा मंदावलेला थर थबकतो, उलट फिरतो, आणि मुख्य प्रवाह पृष्ठभागापासून विलग होऊन मागे भोवरे सोडतो. हाताने फिरविलेल्या चक्राने वाहणाऱ्या पाण्यात अभ्रकासारखे चकचकीत खनिजकण सोडून घेतलेली छायाचित्रे त्यांनी पुराव्यादाखल जोडली. इतकेच काय, वृत्तचितीच्या फटीतून तो थर शोषून घेतला असता त्या बाजूचे विलगन टळते, हेही दाखविले.

छापील निबंध अवघा आठ पृष्ठांचा. त्याच वर्षी गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी प्रांटल यांना ग्यॉटिंगेन विद्यापीठात आणले, आणि 1908 मध्ये प्रांटल यांचे शिष्य ब्लाझिउस यांनी सपाट पट्टीवरील घर्षणाचे गणित सोडवून दाखविले. विमानाच्या पंखाचा रोध मोजणारे आजचे शास्त्र याच पायावर उभे आहे. आणि त्या पायाचा पहिला दगड कारखान्यातील एका फसलेल्या नळाचा आहे, हे विद्येच्या इतिहासाने कृतज्ञतेने नोंदवून ठेवले पाहिजे.