एकतीस दिवसांचे दाणे

आज गोष्ट एका संख्येची, पण आधी गहू घेऊ. एक तारखेला डब्यात एक दाणा टाकायचा, दोन तारखेला दोन, तीनला चार, असे रोज दुप्पट. एकतीस तारखेला डब्यात एकूण किती? 2,14,74,83,647. हजार दाण्यांना 40 ग्रॅम धरले तर साडेआठशे क्विंटलच्या वर. डबा कसला, गोदामच लागेल!

आता हे दाणे बचत गटांना सारखे वाटायला बसू. दोन गट केले तर एक दाणा उरतो. तीन केले तरी एक, पाच केले तर दोन. कितीही गट करा, काही ना काही उरतेच. एकाच गटाला सगळे द्या, नाहीतर दाण्याला एक गट करा. अशा संख्येला शाळेत आपण मूळ संख्या म्हणत होतो.

पण हे कळले कसे? दर वेळी असे होत नाही. अकराच दिवस दाणे टाकले तर 2047 होतात आणि ते 23 जणींना 89 प्रमाणे बरोबर वाटले जातात. फ्रान्समधल्या मर्सेन नावाच्या साधूने 1644 साली कोणते दिवस जमतात त्याची यादी दिली. तीत 31 होता. पण यादीतले 67 आणि 257 पुढे चुकीचे निघाले. म्हणजे नुसते सांगून भागत नाही, पडताळावे लागते.

ते काम 1772 साली रशियात ऑयलर यांनी केले. वय 65, एक डोळा तरुणपणीच गेलेला, दुसरा मोतीबिंदूने. मुलगा आणि मदतनीस लिहून घेत. 46,340 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते, कारण त्याहून मोठा भाजक असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच. तरी त्या पावणेपाच हजारांच्या वर. ऑयलर यांनी दाखवले की 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 बाकी उरते, तेवढ्याच तपासायच्या. उरल्या शंभराहून कमी. मला वाटते, खरी हुशारी भागाकारात नव्हती, तो कुठे करायचा नाही हे ओळखण्यात होती.

1811 साली बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिले की या मूळ संख्येवरून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही. उपयोग नसलेल्या गोष्टीमागे कोण लागेल? पण 1867 पर्यंत याहून मोठी मूळ संख्या सापडलीच. आणि 2024 मध्ये सापडलेल्या संख्येत चार कोटींहून जास्त अंक आहेत.

उपयोगाचे म्हणाल तर, जुन्या संगणकांत आकडा ठेवायच्या खणात जास्तीत जास्त मावते ती हीच, 2,14,74,83,647. त्यांतली कित्येक यंत्रे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात. 19 जानेवारी 2038 ला आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंद झाले की तो खण भरेल. तोवर ती यंत्रे बदलायचे काम चालू आहे.