पाच धावांचे अंतर

वाचकहो, कोहमाऱ्याच्या चौरस्त्यावर तुम्ही कधी एस.टी.ची वाट पाहत उभे राहिला असाल, तर चारही दिशांची वाहने तुम्ही पाहिली असतील. उत्तरेला गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी, पश्चिमेला साकोली, भंडारा आणि नागपूर. पूर्वेला जाणारा रस्ता देवरीवरून रायपूर गाठतो आणि पुढे जातच राहतो. आज या महामार्गाचा क्रमांक ५३ आहे. पूर्वी तो ६ होता, आणि त्या सहा नंबरचे शेवटचे टोक कलकत्त्याला होते. म्हातारी माणसे अजूनही त्याला कलकत्ता रोडच म्हणतात.

२१ डिसेंबर २०१७ च्या सकाळी मी याच चौरस्त्यावर एका चहाच्या टपरीत बसलो होतो. धानाची मळणी बहुतेक उरकली होती आणि बांध्यांमध्ये लाखोळी हिरवी दिसू लागली होती. टपरीत पाच-सात माणसे एका पोराच्या मोबाइलभोवती डोके घालून उभी होती. मला वाटले, धानाच्या बोनसची काही बातमी असेल. पण नाही. या रस्त्याच्या त्या टोकाला, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर, विदर्भ आणि कर्नाटक यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना चालू होता, आणि त्याचा आज पाचवा, म्हणजे शेवटचा दिवस होता. “किती पायजेत जी अजून?” असे एकाने विचारले. पोराने सांगितले, “सत्त्याऐंशी. पण गडी तीनच आहेत.”

मी इतिहास शिकवतो. क्रिकेट हा काही माझा विषय नव्हे. पण त्या सकाळपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. सामना संपला की आपण म्हणतो, “हे होणारच होते.” लढाई संपली, राज्य बुडाले, की पाठ्यपुस्तकात लगेच कारणे येतात, एक, दोन, तीन, चार. मुले ती पाठ करतात आणि त्यांना वाटते की दुसरे काही घडणे शक्यच नव्हते. या सामन्याची गोष्ट मला त्यासाठीच सांगायची आहे.

आधी थोडी मागची हकीकत सांगतो. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी तिच्यात मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांचा संघ होता, म्हणजे आपलाच म्हणायचा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, आणि १९५७-५८ पासून ‘विदर्भ’ या नावाचा संघ मैदानात उतरला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण क्रिकेटच्या नकाशाने ते मनावर घेतले नाही. महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ राहिले, आणि त्यांतला विदर्भ उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश यांच्याबरोबर मध्य विभागात खेळत राहिला.

आता योगायोग पाहा. विदर्भाने या नावाने खेळायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षापासून, १९५८-५९ ते १९७२-७३, मुंबईने सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. एकाच राज्यातले दोन संघ! एकाच्या घरी करंडक ठेवायला जागा पुरेना, आणि दुसऱ्याला क्वचित कधी बाद फेरीचे तोंड दिसे. तेथूनही तो लवकरच माघारी येई. पुढे स्पर्धेचे वरचे आणि खालचे असे गट पडले, तेव्हा बरीच वर्षे आपली पंगत खालच्या गटातच बसली.

माणसे नव्हती असे मात्र नाही. भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार कर्नल सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी देशाचे नेतृत्व केले. पण त्यांची कर्तबगारी बहरली ती इंदूरला, होळकरांच्या आश्रयाने. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. आपल्याकडचा गुणी माणूस बाहेर जाऊन नाव काढतो आणि आपण त्याचा फोटो भिंतीवर लावतो, ही आपली जुनीच रीत आहे. असो.

२०१७-१८ च्या हंगामात विदर्भाचा कर्णधार होता फैज फजल आणि प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. या पंडितांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल. १९९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. प्रतिपक्ष कर्नाटकच होता. मध्य प्रदेशाने पहिल्या डावात आघाडी घेतली आणि शेवटच्या दिवशी सामना हरला. हातात आलेले कसे निसटते हे त्यांनी स्वतः भोगलेले होते, आणि तेही याच संघाविरुद्ध.

उपांत्यपूर्व फेरीत विदर्भाने सुरतेला केरळचा ४१२ धावांनी पराभव केला आणि मग कलकत्त्याला कर्नाटकशी गाठ पडली. मैदान दोघांनाही परके. कर्नाटक म्हणजे २०१३-१४ आणि २०१४-१५ असा लागोपाठ दोन वेळा करंडक जिंकलेला संघ. त्यांच्या मयंक अग्रवालने नुकत्याच सरलेल्या नोव्हेंबरात, एका महिन्यात, हजारावर धावा काढल्या होत्या. त्यांपैकी ३०४ तर पुण्याला महाराष्ट्राविरुद्ध, आणि त्याही नाबाद.

पहिल्या डावात विदर्भ १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या. त्यांतल्या १५३ एकट्या करुण नायरच्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. आघाडी झाली ११६ धावांची.

इथे शिक्षक बंधुभगिनींनी स्पर्धेचा एक नियम मुलांना समजावून द्यावा, कारण सगळे नाट्य त्यात आहे. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे जातो. म्हणजे पाऊस आला, धुके पडले, उजेड गेला, तरी फायदा कर्नाटकाचा. त्यांना न हरणे पुरेसे होते. विदर्भाला मात्र जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि जिंकायचे म्हणजे दुसऱ्या डावात त्यांचे दहाच्या दहा गडी बाद करायचे.

दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या. सर्वांत जास्त, ८१, काढल्या गणेश सतीशने. हा गणेश सतीश कोण? काही वर्षांपूर्वीपर्यंत कर्नाटकाकडूनच खेळणारा फलंदाज, जो नंतर विदर्भाकडे आला. ज्या अंगणात वाढला त्याच अंगणाविरुद्ध तो उभा होता. आदित्य सरवटेने ५५ केल्या. सरवटे हा मुळात गोलंदाज. गोलंदाजाच्या धावा लोक सहसा लक्षात ठेवत नाहीत. पण हिशेब मांडून पाहा. ३१३ मधून ११६ वजा केले की उरतात १९७. म्हणजे कर्नाटकापुढे लक्ष्य १९८ धावांचे. त्या ५५ च्या जागी ५० असत्या तर? हे ‘तर’ मी पुढेही वापरणार आहे, त्याचा कंटाळा करू नका.

१९८ हे काही मोठे लक्ष्य नव्हे. कर्नाटकासारख्या संघाने ते तीन-चार गडी गमावून गाठावे, अशीच अपेक्षा. पण चौथ्या दिवशी सायंकाळी खेळ थांबला तेव्हा त्यांची अवस्था होती ७ बाद १११. हे बहुतांशी एका माणसाचे काम होते, रजनीश गुरबानी याचे. वय चोवीस वर्षे, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. आपल्या गावोगावी पालक म्हणतात, “खेळायचे का शिकायचे, एक काय ते ठरव.” या मुलाने दोन्ही केले. मध्यम गतीचा गोलंदाज, फार धिप्पाड नाही. चेंडू दोन्ही अंगांना वळवणे आणि एकाच टप्प्यावर पुन्हा पुन्हा टाकत राहणे, हे त्याचे भांडवल. बांध घालणारा माणूस पाटीमागून पाटी टाकत जातो ना, तसे.

पाहणाऱ्यांचे डोळे खरे तर उमेश यादवकडे होते. उमेश हा विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला क्रिकेटपटू. त्याचे वडील नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामाला होते. त्याने पहिल्या डावात चार गडी बाद केले होते. पण एका टोकाला उमेशची धास्ती होती म्हणून दुसऱ्या टोकाला गुरबानीला बळी मिळाले, की गुरबानीने बांधून ठेवले म्हणून उमेशची धास्ती वाढली? धावफलकात अशा गोष्टींसाठी रकाना नसतो.

तर अशी ही पाचव्या दिवसाची सकाळ. विदर्भाला हवेत तीन गडी, कर्नाटकाला ८७ धावा. तुम्ही म्हणाल, झाले, जिंकलेच विदर्भाने. टपरीतल्या मंडळींनाही तसेच वाटले होते. पण कर्नाटकाचा कर्णधार विनयकुमार आणि श्रेयस गोपाल हे दोघे टिकून राहिले. एक एक धाव जमू लागली. विनयकुमार ३६ धावा करून बाद झाला, तेव्हा आमच्या टपरीत चहाचा दुसरा घोट आनंदात घेतला गेला. मग आला अभिमन्यू मिथुन. तोही गोलंदाजच, पण हाणायला लागला. तीस हव्यात, वीस हव्यात, मग पंधरा. टपरीत कोणी बोलेना. माझी गोंदियाची बस आली आणि निघून गेली. ती मी जाऊ दिली हे मी अजूनपर्यंत घरी सांगितलेले नाही.

मिथुन ३३ धावांवर बाद झाला तेव्हा कर्नाटकाला दहाच्या आत धावा हव्या होत्या. शेवटचा फलंदाज अरविंद मैदानात आला. एक चौकार आणि थोडी उरलीसुरली धावाधाव, इतकेच काम राहिले होते. गोपाल दुसऱ्या टोकाला २४ धावांवर उभा होता, नाबाद. तो शेवटपर्यंत नाबादच राहिला. गुरबानीने अरविंदला बाद केले आणि कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला. विदर्भाचा विजय झाला पाच धावांनी. गुरबानीचे या डावात ६८ धावांत ७ गडी; पहिल्या डावातले ५ धरून सामन्यात १२.

अशा सामन्यात हरणाऱ्याचे दुःख काय असते, हे मुंबईकरांना विचारावे. मे १९९१ मध्ये वानखेडे मैदानावर रणजीचा अंतिम सामना हरियाणाने मुंबईविरुद्ध दोन धावांनी जिंकला. दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिला आणि समोरचा शेवटचा गडी धावबाद झाला. वेंगसरकर मैदानातच रडला. ज्यांनी ते पाहिले ते आजही त्याविषयी बोलतात. श्रेयस गोपालच्या २४ धावांविषयी मात्र कोणी बोलत नाही.

आता माझा प्रश्न. विदर्भ का जिंकला? वर्गात विचाराल तर उत्तरे तयार आहेत. २००८ मध्ये जामठ्याला नवे मोठे मैदान झाले. मुलांसाठी प्रशिक्षणाची सोय वाढली. वसीम जाफरसारखा मुंबईचा अनुभवी फलंदाज संघात आला. पंडितांसारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक मिळाला. ही सगळी कारणे खरी आहेत, मी ती नाकारीत नाही. पण समजा, त्या शेवटच्या षटकांत एक चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपमधून निसटला असता आणि सीमेपार गेला असता. मागाहून आणखी दोन धावा. मग मैदान तेच, शिबिरे तीच, जाफर तोच आणि पंडितही तेच राहिले असते, आणि आपण ‘विदर्भ का मागे पडतो’ या विषयावर परिसंवाद भरवला असता. त्याचीही चार कारणे तयारच होती!

उलट बाजूनेही पाहिले पाहिजे. केवळ नशीब म्हणावे, तर सात गडी आदल्या संध्याकाळीच बाद झालेले होते. ते काही नशिबाने एका रांगेत येऊन बाद झाले नाहीत. तयारीने विदर्भाला त्या पाच धावांच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडले, एवढे निश्चित म्हणता येईल. उंबऱ्याच्या आत पाऊल पडले ते त्या सकाळी, त्या तासाभरात. पानिपतचा धडा शिकवताना मी आता मुलांना आधी दुपारी बारा वाजताची स्थिती सांगतो आणि विचारतो, “इथे थांबा. आता काय होईल असे वाटते?” मुले भांडतात. भांडू देतो.

अंतिम सामना इंदूरला झाला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. नायडू ज्या गावी गेले, त्या गावी. दिल्लीविरुद्ध गुरबानीने पहिल्या डावात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅटट्रिक त्यापूर्वी एकदाच झाली होती, १९७२-७३ मध्ये. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने तो सामना नऊ गडी राखून जिंकला. अंतिम सामन्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखे नाही. एकतर्फी झाला तो. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून करंडक पुन्हा राखला.

तिसरा करंडक आला २ मार्च २०२५ ला, नागपूरलाच, केरळविरुद्ध. तो सामना अनिर्णित राहिला होता. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ आणि केरळच्या ३४२, तेव्हा ज्या नियमाने कलकत्त्याला आपला जीव टांगणीला लावला होता त्याच नियमाने ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपल्या घरी आणला. केरळकडून त्या डावात ७९ धावा काढून आघाडीसाठी झगडला तो आदित्य सरवटे, कलकत्त्याला आपल्यासाठी ५५ काढणारा. तो त्या वर्षी केरळकडून खेळत होता. आणि विदर्भाकडून दुसऱ्या डावात १३५ काढून केरळचा रस्ता बंद केला करुण नायरने, ज्याच्या १५३ धावांनी ईडन गार्डन्सवर आपल्याला जवळजवळ घरी पाठवले होते.

त्यानंतर एकदा कोहमाऱ्याला उतरलो तेव्हा त्याच टपरीवाल्याने चहा देता देता विचारले, “सर, तो नायर आपलाच ना जी?” त्या वर्षापुरते तरी मी हो म्हणून सांगितले.